एटीव्हीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी मीटर लावून बघा

गणपती गेले, पाऊस ओसरला, की किनाऱ्यावरच्या शेडमधल्या ताडपत्र्या निघतात. नागाव असो, काशीद असो की दिवेआगर, ओळीने उभ्या असलेल्या एटीव्ही, म्हणजे वाळूत पळणाऱ्या चार जाड चाकांच्या गाड्या, जूनपासून जागच्या हललेल्या नसतात. मालक चावी फिरवतो, सेल्फचं बटण दाबतो, सीटखालून ‘टक’ असा एक आवाज येतो आणि पुढे काही नाही. मग पाच गाड्यांना पाच नव्या बॅटऱ्या येतात. त्यातल्या दोन नाताळच्या गर्दीत पुन्हा झोपतात आणि ‘हल्ली मालच खराब येतो’ असं सगळ्यांचं एकमत होतं.

अशा गाड्यांच्या वायरिंगची कामं करताना मी एक नियम स्वतःला घालून घेतला आहे. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरायची आणि मगच मीटरने बाकी काही मोजायचं. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले सगळे आकडे फसवे असतात. तिच्यामुळे चांगलं चार्जिंगही कमी दिसतं, चांगली सेल्फ मोटरही मेलेली वाटते. घाईत असलेला माणूस नेमकी हीच पायरी गाळतो.

एटीव्हीच्या बाबतीत हे जास्त नडतं, कारण पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही. चाकं फिरली तरी इंजिन फिरत नाही. काही छोट्या गाड्यांना दोरी ओढून चालू करायची सोय असते. नसेल तर वाळूत अडकलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून आणावी लागते.

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर. काही शेकड्यांत मिळणारा चालतो, फक्त त्यावर १० अँपिअर डीसीची रेंज हवी. १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, सँडपेपर, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन. शिवाय बॅटरी भरली की स्वतःहून करंट कमी करणारा चार्जर. हा चार्जर उसना मिळाला तर उत्तमच, पण ज्याच्याकडे तीनपेक्षा जास्त गाड्या आहेत त्याने तो विकतच घ्यावा. एका बॅटरीच्या किमतीत त्याचे पैसे सुटतात.

हातातली अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको आणि खोली बंद नको. खोलताना आधी निगेटिव्ह, जोडताना आधी पॉझिटिव्ह. कारण सरळ आहे: निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा बोल्ट खोलत असाल आणि पाना चॅसीला टेकला, तर तो पाना म्हणजेच शॉर्ट सर्किट.

आधी डोळे आणि बोटं

मीटर काढण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसतेय का? खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या वायरी आतूनही हिरव्या होतात, त्यामुळे टर्मिनलपासून दोन-तीन इंचांपर्यंत वायर चेपून बघा. आतून कुरकुरली तर तिची तांब्याची तार खाल्ली गेली आहे. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून भुकटी धुवा. मात्र पाणी भरायच्या बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं.

मग टर्मिनल बोटांनी हलवा. पानाही लागू न देता हललं तर अर्धा आजार इथेच सापडला. एटीव्ही सतत आदळत असते आणि या बॅटऱ्यांचं टर्मिनल म्हणजे एक चौकोनी नट आणि त्यात बोल्ट. नट खाली सरकला की बोल्ट नुसताच अडकून राहतो, घट्ट बसत नाही. नटाखाली फोमचा किंवा रबराचा छोटा तुकडा ठेवला की तो वर धरून राहतो.

निगेटिव्हची जाडी वायर चॅसीला किंवा इंजिनला जिथे बोल्टने बसते तिथपर्यंत हाताने जा. गॅरेजच्या भाषेत ही अर्थिंग. समुद्रकाठच्या गाडीत हा बोल्ट गंजलेला नसेल तरच नवल. खोला, धातू चकचकीत होईपर्यंत घासा, कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. मुख्य फ्यूज काढून त्याचे पाय बघा. फ्यूज शाबूत असूनही पाय हिरवे असतात. शेडमध्ये उंदीर असतील तर सीटखालच्या वायरींवर दातांच्या खुणा शोधा. बॅटरीचं पोट फुगलं असेल तर ती बदलायचीच, पण ती का फुगली हे कळल्याशिवाय नवी बसवू नका. त्याबद्दल पुढे बोलतो.

बॅटरी भरा, झोपू द्या, मग मोजा

चार्जरचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या, म्हणजे अँपिअर-तासाच्या, साधारण एक दशांश ठेवा. १२ अँपिअर-तासाच्या बॅटरीला १.२ अँपिअर. इथे एक गोंधळ नेहमी होतो. मॉडेल नंबरातला आकडा म्हणजे क्षमता नव्हे. वायटीएक्स१४-बीएस ही बॅटरी १४ ची नसून १२ अँपिअर-तासाची असते, वायटीएक्स९-बीएस ८ ची, वायटीएक्स२०एल-बीएस १८ ची. खरी क्षमता बॅटरीच्या अंगावर वेगळी छापलेली असते, ती वाचा. ट्रक-टेम्पोच्या बॅटरीसाठीचा मोठा चार्जर लावून ‘तासाभरात भरून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. एवढ्याशा बॅटरीत तेवढा करंट कोंबला की ती तापते आणि प्लेटा वाकतात.

फार उतरलेली बॅटरी काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत, लाल दिवा लावून बसतात. अशा वेळी चांगली १२ व्होल्टची बॅटरी तिच्याशी समांतर जोडा: पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. दहा-पंधरा मिनिटांनी व्होल्टेज थोडं वर आलं की चार्जर काम सुरू करतो. वायर जोडताना ठिणगी पडू शकते, म्हणून हे उघड्यावर करा आणि बॅटरी तापतेय का यावर हात ठेवून लक्ष ठेवा.

भरल्याबरोबर मोजू नका. नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा आकडा खोटा चढलेला असतो, तो खाली बसायला काही तास लागतात. मी रात्रभर ठेवतो. सकाळी, काहीही जोडलेलं नसताना, मीटर २० व्होल्ट डीसीवर लावून बघा. बंद, बिनपाण्याच्या प्रकारात १२.८ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, पाण्याच्या बॅटरीत १२.६. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. रात्रभर चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला असेल, तर सहापैकी एक सेल गेला आहे. प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या थोडा वर असतो, एक गेला की तेवढाच खड्डा पडतो. ही बॅटरी कुणीही ‘रिपेअर’ करून देत असेल तर पैसे वाया.

हे सगळे आकडे शिशाच्या बॅटरीचे आहेत. लिथियम बसवली असेल तर तिच्यासोबत आलेला तक्ता बघा आणि चार्जरही तिचाच वापरा.

सेल्फ मारताना बघा

आराम करताना १२.७ दाखवणारी बॅटरीही भार आला की कोसळू शकते. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, तीन-चार सेकंद. न्यूट्रल, ब्रेक आणि किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) यांची जागा आधी बघून घ्या. अनेक एटीव्हींत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि ब्रेक लिव्हरचा स्विच गंजला की लोक बॅटरी बदलतात.

इंजिन जोमाने फिरतंय आणि व्होल्टेज दहाच्या वर टिकतंय, तर बॅटरी ठणठणीत. साडेनऊच्या खाली घसरत सात-आठला गेलं, तर भरलेली असूनही ती भार पेलत नाही, बदला. आणि ‘टक’ आवाज येऊनही व्होल्टेज साडेबाराला ढिम्म राहिलं, तर बॅटरीचा काही दोष नाही. करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. सेल्फ रिले (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा स्विच), जाड्या वायरी, अर्थिंग किंवा मोटरचे कार्बन ब्रश, यांतलं काहीतरी.

या तिसऱ्या प्रकारात कुठे अडलंय हे मीटर बोट ठेवून दाखवतो. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर ठेवा आणि सेल्फ मारा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर तेवढे व्होल्ट वाटेत गिळले जात आहेत. मग एक पिन तिथेच ठेवून दुसरी रिलेच्या अलीकडे, पलीकडे सरकवा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो तिथे खोट. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या अंगापर्यंत; इथे ०.२-०.३ च्या वर जाऊ नये. या एका चाचणीने आजवर जेवढ्या बॅटऱ्या मी वाचवल्या तेवढ्या दुसऱ्या कशानेच नाहीत.

आता चार्जिंग

भरलेली बॅटरी जागेवर, गाडी चालू, चाकांना अडसर. मीटर बॅटरीवरच. थंड इंजिन थोडं गरम होऊ द्या. मग ॲक्सिलरेटर देऊन मिनिटाला तीन ते पाच हजार फेऱ्यांवर आकडा वाचा. १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग छान आहे. स्लोमध्ये, म्हणजे रेस न देता, तेराच्या आसपास असणं चालतं. इंजिन कितीही फिरवा, आकडा साडेबाराच्या पुढे हलत नसेल किंवा हळूहळू उतरतच असेल, तर चार्जिंग नाही. आणि १५ च्या वर गेला, तर ताबडतोब बंद करा.

एक जुनी सवय इथे मोडायला हवी. चालू गाडीची बॅटरीची वायर काढायची आणि ‘गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग आहे’ असं म्हणायचं, हे मी अजूनही बघतो. एटीव्हीत बॅटरी ही उसळणारं व्होल्टेज दाबून धरणारी गादी असते. ती काढली की उसळी थेट सीडीआय (ठिणगी देणारं युनिट), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि हँडलवरच्या मीटर कन्सोलवर जाते. चाचणी फुकट, पण कंट्रोल युनिट हजारोंचं.

चार्जिंग नसेल तर वाट अशी आहे: इंजिनच्या मॅग्नेटमधली कॉइल प्लेट एसी वीज तयार करते, ती आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमध्ये जाऊन डीसी होते आणि मर्यादेत राहते, तिथून फ्यूजमार्गे बॅटरीत. मोठ्या गाड्यांत कॉइल प्लेटमधून तीन वायरी येतात, बहुतेक वेळा तिन्ही पिवळ्या. त्या जिथे आरआर युनिटला जुळतात तो कपलर (वायरींचा प्लग) सगळ्यात आधी उघडून बघा. तपकिरी झालेला, वितळलेला, जळका वास मारणारा कपलर मिळाला तर अर्धं काम झालं. ढिली पिन तापते, तापली की आणखी ढिली होते.

कपलर सुटाच ठेवा. मीटर ओहमवर घेऊन कॉइल प्लेटच्या बाजूच्या पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजा. तिन्ही जोड्यांत सारखाच, एका ओहमच्या आतला आकडा यायला हवा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्यांचाच किती येतो ते बघा आणि वजा करा, नाहीतर स्वस्त मीटर इथे फसवतो. मग प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनचं अंग: काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर कॉइलचं वार्निश जळून ती इंजिनला टेकली आहे.

यानंतर मीटर एसी व्होल्टवर, तीही २०० ची रेंज. कपलर सुटा असतानाच गाडी चालू करा आणि पुन्हा दोन-दोन वायरी मोजा. तीन हजार फेऱ्यांना बऱ्याच गाड्यांत ४० ते ६० व्होल्ट किंवा त्याहून जास्त मिळतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. पण आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. दोन जोड्या ५० आणि एक २०, म्हणजे कॉइल प्लेट गेली. हे व्होल्ट बोटाला झटका देतील एवढे आहेत, उघड्या पिनेला हात लावू नका.

११०-१२५ सीसीच्या छोट्या चिनी बनावटीच्या गाड्यांत हा हिशोब वेगळा. तिथे बहुतेकदा चार पिनांचा छोटा रेग्युलेटर असतो, चार्जिंगची एक पांढरी वायर, दिव्याची एक पिवळी, आणि कॉइलचं दुसरं टोक मुद्दामच इंजिनच्या अंगाला जोडलेलं. त्यामुळे वायर आणि इंजिन यांच्यात जोड दिसणं तिथे बरोबर आहे. मोठ्या गाडीचा नियम लावून लोक या चांगल्या कॉइल फेकून देतात.

कॉइल प्लेट चांगली, वायरी चांगल्या, फ्यूज चांगला, तरी चार्जिंग नाही, तर उरतं आरआर युनिट. मीटरच्या डायोड रेंजवर त्याच्या पिवळ्या पिना आणि पॉझिटिव्ह पिन यांच्यात एका दिशेला ०.४ ते ०.७ आणि उलट्या दिशेला काहीच नाही असं दिसायला हवं. निगेटिव्ह पिनेशीही तसंच. दोन्ही दिशांना शून्य आलं तर युनिट नक्की गेलं. पण चाचणीत पास झालेलं युनिट तापल्यावर फेल होऊ शकतं, म्हणून शेवटी दुसरं चांगलं युनिट लावून बघणं हाच खात्रीचा उपाय. नवं बसवताना त्याच्या पाठीमागे हवा लागेल असं बसवा, मागची वाळू-माती धुऊन काढा. उष्णता बाहेर टाकण्यावरच त्याचं आयुष्य आहे.

आता फुगलेल्या बॅटरीचं. एका गाडीने एका मोसमात तीन बॅटऱ्या खाल्ल्या. चार्जिंग १५.६ व्होल्ट. आधीच्या मेकॅनिकने आरआर युनिट दोनदा बदललं होतं, आकडा तोच. त्या गाडीच्या युनिटला एक जास्तीची बारीक वायर होती, जी इग्निशन स्विचवरून येऊन ‘बॅटरीत आत्ता किती व्होल्ट आहेत’ हे युनिटला सांगते. चावीच्या मागचा कपलर मिठाने हिरवा झाला होता. वाटेत व्होल्टभर गळत होता, युनिटला वाटत होतं बॅटरी उपाशी आहे, आणि ते बिचारं वाढतच होतं. कपलर साफ केला, पिना बदलल्या, आकडा १४.३. तुमच्या युनिटला अशी वायर असेल तर चावी ऑन करून तिथलं व्होल्टेज आणि बॅटरीवरचं व्होल्टेज ताडून बघा. दोन्ही जवळपास सारखे हवेत.

गाडी बंद, तरी बॅटरी उतरते

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, आणि आठवडाभर उभी राहिली की मेली? मग कोणीतरी बंद गाडीत करंट पितंय. चावी बंद करा, निगेटिव्ह वायर काढा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर त्या वायरच्या आणि टर्मिनलच्या मधे जोडा. या अवस्थेत सेल्फला हात लावायचा नाही, चावीही नाही. मीटरचा फ्यूज उडेल. १० अँपिअरवर शून्य दिसलं तर मिलिअँपिअरवर या.

साध्या गाडीत हा आकडा जवळजवळ शून्य असतो, डिजिटल स्पीडोमीटर आणि फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत थोडे मिलिअँपिअर. ५० मिलिअँपिअर दिसले तर हिशोब करा: १२ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी २४० तासांत, म्हणजे दहा दिवसांत पूर्ण रिकामी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यानंतर आकडा पडला, चोर त्याच लाइनवर. कुठलाच फ्यूज काढून पडला नाही, तर आरआर युनिटचा कपलर सोडा. त्यातला गळका डायोडही रात्रभर बॅटरी पीत राहतो. बहुतेकदा मात्र सापडतं ते बाहेरून लावलेलं काहीतरी: थेट बॅटरीवर टाकलेला मोबाइल चार्जर, हॉर्न, एलईडी बार.

त्या बारबद्दल एक हिशोब. ६० वॅटचा बार म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. छोट्या गाडीची कॉइल प्लेट स्लोमध्ये एवढं देत नाही. संध्याकाळच्या फेऱ्यांत पर्यटक पाच मिनिटं हळू चालवणार, फोटो काढायला थांबणार, गाडी बंद, पुन्हा सेल्फ. पाच सेकंदांचा सेल्फ ८० अँपिअर ओढत असेल तर ०.११ अँपिअर-तास गेला, आणि बॅटरीच्या वाट्याला एक अँपिअर येत असेल तर तो भरून यायला पावणेसात मिनिटं लागतात. बार चालू असेल तर भरून येतच नाही. अशा गाडीत बिघाड शोधत बसू नका. बार काढा किंवा रोज रात्री चार्जर लावा.

पावसाळ्यात ठेवताना

जूनमध्ये बॅटरी गाडीतून काढा, पूर्ण भरा, कोरड्या आणि जमेल तेवढ्या थंड जागी ठेवा. पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ती स्वतःहून लवकर उतरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. महिन्यातून एकदा मोजा, १२.५ च्या खाली गेली की चार्ज करा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ऑक्टोबरात कितीही चार्ज केलं तरी ते नीट सुटत नाहीत. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. नळाचं नको, एसीतून ठिबकणारंही नको.

आणि बॅटरीच्या अंगावर मार्करने चार गोष्टी लिहून ठेवा: बसवल्याची तारीख, रात्रभर ठेवल्यानंतरचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं आणि चार्जिंगचं. पुढच्या वर्षी ताडपत्री निघेल तेव्हा सेल्फ मारतानाचा आकडा १०.६ वरून ९.८ वर आलेला दिसला, तर त्या गाडीची नवी बॅटरी नाताळच्या आधी आणून ठेवा.